गल्ल्याच्या आतल्या बाजूची मुलं

यंदाच्या अंकाचा विषय 'घराला लागून दुकान' असा ठरला, तेव्हा संपादकांच्या यादीत किराणा होता, शिंपी होता, पिठाची गिरणी होती. मी गोव्यातलं तावेर्न मागून घेतलं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला दारूचा धंदा आणि नांदतं घर ही जोडी सहजी सुचत नाही. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. प्यायला परवाना लागतो, बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' असतं, काचा काळ्या असतात आणि शाळेतून येणारी मुलं त्या दारासमोरून पाय उचलून पुढे जातात. बांदा सोडून गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका मागे टाकला की हे सगळं बदलतं. रस्त्याकडेला घर, घराच्या पुढच्या खोलीत बार, मागच्या खोलीत चूल आणि मधे कापडी पडदा. त्या पडद्यातून दिवसभर आत-बाहेर करत मोठी झालेली माणसं आज पन्नाशी ते सत्तरीत आहेत. त्यांना गाठावं, त्या खोल्या बघाव्यात, म्हणून मी सासष्टी तालुक्यात फिरले, सत्तरी तालुक्यात गेले आणि शेवटी मुंबईला येऊन वांद्र्याच्या एका घरात बसले. नाव-गाव कुणाचंच देत नाही. बोलणाऱ्यांनी तशी अट घातली होती. ती का घातली, ते पुढे येईल.

पडद्याच्या अलीकडे, पलीकडे

सासष्टीत मी गेले ते घर मंगळुरी कौलांचं आहे. पुढे बाल्कांव, म्हणजे ओसरी, त्याच्या दोन्ही अंगांना बसायला सिमेंटचे बाक. डाव्या हाताची कोपऱ्यावरची खोली थेट रस्त्यावर उघडते. तिला दोन्ही बाजूंनी ढकलता येणारी अर्धी दारं आहेत, गुडघ्यापासून छातीपर्यंतची. आत बसलेल्याचं तोंड रस्त्यावरून दिसू नये, वारा मात्र खेळता राहावा, एवढीच त्यांची सोय. ही खोली म्हणजे तावेर्न. आता तिथे धंदा होत नाही. जुनी लाकडी फळी, मागची मांडणी, भिंतीवरचं येशूच्या हृदयाचं चित्र आणि त्यापुढचा लाल दिवा एवढं जागच्या जागी आहे.

घराच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला, तेव्हा त्या शाळेत जायच्याही वयाच्या नव्हत्या. वडील बोटीवर, म्हणजे गोव्याच्या भाषेत तारवटी. वर्षातले बहुतेक महिने समुद्रावर. परवाना आजोबांच्या नावाचा, दुकान आईच्या अंगावर. सकाळी सहाला दार उघडायचं, कारण शेतात उतरण्याआधी एक घोट घेणारी माणसं होती. दुपारी जेवणानंतर बंद. उन्हं कलली की पुन्हा चालू. एका बाजूला तांदूळ, रॉकेल, खोबरेल, कांदे, काड्यापेट्या आणि दुसऱ्या बाजूला फेणी. गोव्यात अशा दुकानाला पसरो म्हणतात. मीठ घ्यायला आलेली बाई आणि ग्लास घ्यायला आलेला पुरुष एकाच फळीसमोर उभे राहत.

"मी माणसांना पायांवरून ओळखायचे," बाई म्हणाल्या. फळीमागे त्यांच्यासाठी बुटकं स्टूल होतं, त्यावर बसून त्या गृहपाठ करत. तिथून दाराखालचा रस्ता दिसायचा. रेंदेराचे तळवे माडावर चढून चढून जाड झालेले. तो सकाळ-संध्याकाळ सूर, म्हणजे माडी, काढायला माडावर जायचा आणि नारळाची फेणी पाडायचा. दक्षिण गोव्यात काजूपेक्षा तीच जास्त चालते. पोस्टमनच्या चपलेचा अंगठा कायम तुटका. शेजारच्या वाड्यावरच्या एका माणसाचे पाय दाराशी येऊन थांबत, परत वळत, पुन्हा येत. तो माणूस आत येईल की घरी जाईल यावर या मुलीचं लक्ष असायचं. आत आलाच तर ती आईला नुसती मान हलवून सांगायची. मग आई त्याचा ग्लास भरायला मुद्दाम वेळ लावायची.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की खोलीतलं बोलणं थांबायचं. बसलेले उठून उभे राहायचे, टोप्या हातात यायच्या. त्यानंतर आतल्या खोलीत आजी आणि मुलं तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला बसत. आईला गल्ला सोडता येत नसे, म्हणून ती तिथूनच उत्तरं द्यायची. एका हातात जपमाळ, दुसऱ्या हाताने सुटे पैसे. जुनी गिऱ्हाइकंही तिच्यासोबत ओळी पुटपुटत. हे सांगताना बाईंनी प्रार्थना आणि पैशांची ती लय फळीवर बोटं वाजवून दाखवली.

चव सोडून सगळं

मला त्यांनी मागच्या कोठीत नेलं. तिथे एक गराफांव आहे. पोट मोठं, मान अरुंद, अंगावर वेताची वीण, अशी ही काचेची बरणी. भट्टीवरून फेणी यातून यायची आणि घरी बाटल्यांत भरली जायची. भरायचं काम मुलांचं.

रिकामा गराफांव घेऊन त्यांनी करून दाखवलं. तो उचलायचा नाही. जमिनीवर बसायचं, गराफांव मांडीला टेकवायचा, डावा तळहात बुडाखाली आणि उजवा मानेवर. बाटलीत नरसाळं, बाटली दोन पावलांमध्ये घट्ट धरलेली. मान हळूहळू वाकवायची. पहिली धार नीट येते, पण आत हवा शिरली की एक गचका बसतो आणि दारू उसळते. तो गचका येणार हे हाताला आधी कळायला लागतं. त्या क्षणी मान कणभर वर घ्यायची. ज्याला हे जमत नाही त्याच्या मांडीवर फेणी सांडते आणि तो वास दोन आंघोळींनी जात नाही. शाळेत शेजारी बसलेल्या मुलीला तो येतोच. बाटलीच्या गळ्याशी बुचासाठी बोटभर जागा सोडायची. भरल्यावर बाटली हलवून उजेडात धरायची. वर जमणारे बुडबुडे किती बारीक आहेत आणि किती वेळ टिकतात यावरून ताकद कळते. लगेच विरले तर पाणी जास्त. असा माल आई परत पाठवायची. मग भट्टीवाला स्वतः येऊन ताकद मोजायचं काचेचं यंत्र बुडवून ग्राव बघायचा. बहुतेक वेळा मुलांचा डोळा बरोबर निघायचा.

"चव सोडून सगळं शिकवलं आम्हाला," बाई म्हणाल्या. घरात नियम होता, विकणाऱ्याने प्यायची नाही. मी भेटलेल्या बहुतेक कुटुंबांत हा नियम निघाला. जिथे तो मोडला तिथे दुकान टिकलं नाही.

हिशेबाची गोष्ट आणखी वेगळी. पोर्तुगीज काळात गोव्यात आधी रुपिया आणि तांगा चालायचे. १९५८पासून एस्कुद आले. मुक्तीनंतर भारतीय रुपया आला. आई मनातला हिशेब तांग्यांत करायची, कपाटात न बदललेले थोडे एस्कुद पडून होते आणि मुलगी शाळेत रुपये-पैसे शिकत होती. एका ग्लासाची किंमत तिन्हींत सांगता येणं हे त्या घरातलं पाढे पाठ होण्याचं लक्षण. उधारीची वही जाड पुठ्ठ्याची. तिच्यात खरी नावं कमी, टोपणनावंच जास्त. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी खूण, कुणाला मासा, कुणाला कोयता. बोटीवरचा पगार आला की, भाताची कापणी झाली की किंवा गावच्या चर्चचं फेस्त आलं की वही मिटायची. बुडवणारे थोडे होते. मोठी झाल्यावर बाईंनी गणित शिकवलं, सगळी नोकरीभर.

परीक्षा आणि भट्टी

उत्तरेला सत्तरी तालुका. इथे माड कमी, डोंगरावर काजू. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून सोळाव्या शतकात आणलं आणि ते इथे असं रुजलं की परकं वाटत नाही. मी ज्यांच्याकडे गेले ते गृहस्थ पन्नाशीचे आहेत. पसरो आणि बार अजून चालवतात. देवघरात सातेरी, अंगणात तुळस, तुळशीच्या मागे बारची टेबलं. गिऱ्हाइकं त्यांना शेट म्हणतात. सासष्टीत हाच माणूस पात्रांव झाला असता.

त्यांच्या बालपणाचे दोन भाग पडतात, भट्टीचे दिवस आणि बाकीचं वर्ष. मार्च ते मे भट्टी. डोंगराचे पट्टे लिलावात घेतलेले असायचे, त्यामुळे दिवस वाया घालवून चालत नसे. बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडावरून तोडायचे नाहीत, आपणहून पडलेलेच गोळा करायचे, कारण तेच पुरते पिकलेले. पहाटे मुलं टोपल्या घेऊन डोंगरात. बोंडूची बी पिळून वेगळी करायची. ती बाजारात जाते. बोंडू खडकात कोरलेल्या हौदात टाकून पायांनी तुडवायचे. उरलेल्या चोथ्याची रास करून तिला वेल गुंडाळायचा आणि वर जड दगड ठेवायचा. त्या राशीतून जो निवळ रस ठिबकतो तो नीरो. तो गोड असतो, ताजा प्यायचा असतो आणि त्यावर मुलांचा हक्क असायचा. बाकीचा रस तीनेक दिवस आंबवायचा आणि मग तांब्याच्या भाणात घालून चुलीवर चढवायचा. वाफ नळीतून लावणीत, म्हणजे गार ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, उतरते. पहिल्या खेपेला निघतो तो हुर्राक, सौम्य आणि फळाचा वास राखून असलेला. हुर्राकात पुन्हा आंबवलेला रस घालून दुसऱ्यांदा काढली की फेणी.

मुलांची पाळी रात्री असायची. लावणीवर गार पाणी ओतत राहायचं, जाळ वाढू द्यायचा नाही, विझू द्यायचा नाही. जाळ वाढला तर फेणीला करपट वास लागतो आणि दिवसाची मेहनत जाते. "वार्षिक परीक्षा एप्रिलात, भट्टीही एप्रिलात," शेट म्हणाले. "चुलीच्या उजेडात इतिहास वाचायचो. मधेच बा विचारायचा, पाणी घातलंस? मी म्हणायचो, पानिपत झालं की घालतो. मग मार खायचो." पहिली धार आली की थोडी राखणदाराला, म्हणजे गावच्या रक्षक देवाला. त्याच्यासाठी एक रोट, एक द्रोण, झाडाखाली. तो मान झाल्याशिवाय कुणी चाखत नसे. आता लावणीच्या जागी बऱ्याच भट्ट्यांवर पाण्याच्या टाकीतली तांब्याची वेटोळी नळी आली आहे. रात्री कुणाला जागावं लागत नाही. शेटांना याचं बरंच वाटतं.

बाकीच्या वर्षात त्यांचं काम वाचनाचं होतं. मुक्तीनंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या होत्या, १९६२मध्ये 'गोमन्तक' दैनिक सुरू झालं होतं. बारमध्ये संध्याकाळी खाणीवरचे कामगार, ट्रकवाले, गवळी बसायचे. बऱ्याच जणांना अक्षरओळख नव्हती. चौथीतलं हे पोर बाकावर उभं राहून पेपर वाचायचं. निवडणुकीच्या बातम्या, खाणीचे संप, मुंबईतले खून, बाजारभाव. अडखळलं तर कुणी हसत नसे, नुसतं 'पुढे' म्हणत. वाचून झालं की एखादा म्हातारा विचारायचा, "मग आता काय होईल रे बाब?" आणि नऊ वर्षांचा मुलगा विचार करून उत्तर द्यायचा. "मला मराठी शाळेने शिकवली, पण बोलायला बारने लावलं," शेट म्हणतात. त्यांचं मराठी खरोखर सुंदर आहे.

तिथून सिंधुदुर्ग जवळच. तीच झाडं, तेच बोंडू. पण आपल्याकडे काजूच्या बीला भाव आणि बोंडू झाडाखाली कुजतो. सीमेजवळच्या गावांतला काही माल गाड्यांनी गोव्यात जातो, बाकीचा माती होतो. शेट हे हळहळून सांगत होते, आणि त्यात मला वावगं वाटलं नाही.

त्याच वर्गातली मुलगी

गोव्याबाहेरच्या माणसाला तावेर्न गोड वाटतं. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांत ते आहे. जाडा मालक, झोपलेलं कुत्रं, गप्पांत बुडालेली माणसं. ती चित्रं खरी आहेत. पण बालपणाबद्दल विचारायला लागल्यावर चौथ्या-पाचव्या प्रश्नानंतर माणसं थांबायची. आवाज उतरायचा. नाव घालू नका, ही अट तिथे यायची.

सासष्टीच्या बाईंनी बराच वेळ चहा ढवळला आणि मग सांगितलं. त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील गवंडी, आठवड्याचा पगार शनिवारी. शनिवारी ते सरळ तावेर्नात येत. दार उघडून आत येणाऱ्या त्या पायांवर सिमेंट वाळलेलं असायचं. एकदा त्यांची बायको कडेवर पोर घेऊन आली, पुढच्या दाराने नाही, मागच्या, स्वयंपाकघराच्या. बाईंच्या आईला म्हणाली, त्याला उधार देऊ नका. आई म्हणाली, मी नाही दिली तर तो नाक्यावर जाईल, तिथे कोण बघणार? दोघी बराच वेळ चुलीपाशी उभ्या होत्या. मग ठरलं असं. गवंडी आला की आई आधी पगार मागून घेणार, अर्धा बिस्किटांच्या डब्यात टाकणार आणि उरलेल्यावर ग्लास देणार. गवंड्याने कटकट केली नाही. त्यालाही बहुधा ते हवं होतं.

डब्यातले पैसे घरी पोचवायचं काम बाईंवर आलं. सोमवारी त्या नोटा घडी करून कंपासपेटीत ठेवायच्या आणि मधल्या सुट्टीत त्या मुलीच्या हातात द्यायच्या. दोघी एकाच बाकावर बसत. पैसे देताना दोघी बोलत नसत. हे तीन-चार वर्षं चाललं. नववीत असताना गवंडी वारला, यकृताच्या दुखण्याने. त्यानंतर ती मुलगी दुसऱ्या बाकावर बसायला गेली. दोघी आजही एकाच गावात राहतात, फेस्ताला भेटतात, नातवंडांची चौकशी करतात. त्या सोमवारांबद्दल त्यांच्यात कधीच बोलणं झालेलं नाही.

"आईने चांगलं केलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही," बाई म्हणाल्या. "माझी फी त्याच ग्लासातून गेली."

मला यात आईचा दोष दिसत नाही. नवरा समुद्रावर, पदरात चार मुलं, आणि नाही म्हटलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार. तिने जमेल तिथे हात आडवा धरला. पण बारा वर्षांच्या मुलीच्या कंपासपेटीत ते ओझं जायला नको होतं. सत्तरीच्या शेटांनाही शाळेत 'सोरेकाराचा', म्हणजे दारूवाल्याचा, म्हणून हाक मारायचे. त्यांच्या बहिणीचं स्थळ दोनदा मोडलं. ज्या गावाने रोज संध्याकाळी त्यांच्या बाकावर बसून पेपर ऐकला, त्याच गावाने सोयरीक करताना पाऊल मागे घेतलं. राग यावा अशीच ही गोष्ट आहे, आणि मला तो आला.

वांद्र्याची मागची खोली

घर आणि बार एका छपराखाली, हे मुंबईतही होतं, फक्त लपून. १९५०मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली आणि वांद्रे, माहीम, धोबीतलाव या भागांतल्या ख्रिस्ती वस्त्यांत 'आंटी'चे अड्डे उभे राहिले. गोव्याहून आलेल्या, ईस्ट इंडियन, मंगळुरी, अशा बायका. पुष्कळ जणी विधवा, काहींचे नवरे बोटीवर. गूळ, सडकी फळं आणि नवसागर घालून आंबवायचं, ड्रममध्ये उकळायचं आणि आपल्याच बैठकीच्या खोलीत दोन बाकं टाकून द्यायचं. सोबत उकडलेलं अंडं, चणे.

अशाच एका आंटीचा मुलगा आता सत्तरी ओलांडलेला आहे. घर तेच, मजला वाढलेला. त्यांचं लहानपण जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गेलं. समोर गोट्या मांडलेल्या, नजर गल्लीच्या तोंडाशी. साध्या कपड्यातला पोलीस बुटांवरून ओळखायचा. दिसला की गोट्या डब्यात टाकायच्या. त्या आवाजाने आत आवराआवर सुरू. माल सायकलच्या ट्यूबमधून यायचा, गरम पाण्याच्या रबरी पिशव्यांतून यायचा. आजारी बाईच्या पोटावर ठेवलेली पिशवी कोण उघडून बघणार? त्यांच्या आईला दोनदा पकडून नेलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी गोट्या वेळेवर टाकल्या नव्हत्या. पेंग आली होती. "मी आठ वर्षांचा होतो," ते म्हणाले, "आणि आई माझ्यामुळे कोठडीत आहे असं मला वाटत होतं. तिने नंतर एका शब्दाने विचारलं नाही." पुढे साठच्या दशकात कायदा सैल होत गेला, सत्तरच्या दशकात देशी दारूला परवाने मिळाले आणि आंट्यांचे अड्डे आपोआप बंद पडले. त्यांची आई मग शिवणकाम करू लागली.

सासष्टीच्या मुलीने आणि वांद्र्याच्या मुलाने जवळपास एकाच काळात जवळपास तेच काम केलं. एकीला येणाऱ्या-जाणाऱ्याने 'बाय' म्हणून लाडाने हाक मारली. दुसरा दर संध्याकाळी पोटात गोळा घेऊन पायरीवर बसला. मधे होती ती फक्त एका कायद्याची रेघ. दारूबंदीचे हिशेब मांडताना या मुलांना कुणी धरत नाही.

वारसा कुणाचा

काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६मध्ये गोवा सरकारने अबकारी कायद्यात बदल करून फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला, २०२१मध्ये स्वतंत्र धोरण आलं. पणजीत आणि मुंबईत आता फेणी कॉकटेलमध्ये मिळते, बाटल्या देखण्या झाल्या आहेत. भट्टीवाल्याला त्यातून चार पैसे जास्त मिळत असतील तर चांगलंच आहे.

त्याच सुमारास गावच्या बारवर दोन गोष्टी आल्या. डिसेंबर २०१६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असं ठरवलं. पुढे छोट्या वस्त्यांसाठी ते अंतर २२० मीटर झालं. १ एप्रिल २०१७ला अंमल सुरू झाला. चिंचोळ्या गोव्यात रस्त्याकडेचं घर म्हणजेच दुकान, ते हलवणार कुठे? पुढच्या वर्षभरात शहरी आणि शहरासारख्या भागांना सूट मिळाली, बरेच बार पुन्हा उघडले. पण ज्यांनी त्या काळात शटर ओढलं त्यांतल्या काही घरांनी ते कायमचंच ओढलं. सासष्टीचं तावेर्न त्यातलंच. तोवर ते बाईंचा भाऊ चालवत होता.

दुसरी गोष्ट २०१५चा बाल न्याय कायदा. मुलाच्या हातून दारू विकणं, नेणं, पोचवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे या लेखात मी सांगितलेली बहुतेक कामं आज गुन्ह्यात मोडतात. सासष्टीच्या बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं." मलाही ते बरंच वाटतं. गराफांव तोलण्याची ती नजाकत, तो डोळा, ती तीन चलनांतली आकडेमोड, हे सगळं थोर आहे. पण ते मोठ्यांना शिकता येतं.

सलतं ते वेगळंच. वारसा ठरला तो पेयाचा. पहाटे सहाला दार उघडणाऱ्या, उधारी लिहिणाऱ्या, पाणी मिसळलेला माल परत पाठवणाऱ्या, शनिवारचा पगार डब्यात टाकणाऱ्या बाईचं नाव परवान्यावरही नव्हतं. फेणीची प्रत वर्षानुवर्षं राखली ती या गल्ल्यांवरच्या बायकांनी आणि त्यांच्या मुलांच्या डोळ्यांनी. फेणीच्या संग्रहालयात भाण ठेवा, लावणी ठेवा. सोबत एखादी उधारीची वहीही ठेवा आणि ती कुणाच्या अक्षरात आहे ते लिहा. त्या पिढीतली माणसं अजून आहेत, त्यांच्या आठवणी आवाजात नोंदवून घ्यायला सरकारला फारसा खर्च येणार नाही.

आता गल्ल्यावर कोण

सत्तरीच्या शेटांची मुलगी नर्सिंग शिकते. सुट्टीत घरी आली की अबकारी खात्याचे अर्ज ऑनलाइन भरते, मालाचा हिशेब मोबाइलवर ठेवते. फळीवर पैसे भरायचा कोड असलेला कागद चिकटवलाय, त्यामुळे उधारीची वही पातळ झाली आहे. ग्लास भरायला तिला लहानपणापासून मज्जाव आहे, तो शेटांनीच घातला. दुकान ती घेणार नाही. शेटांना त्याचं वाईट वाटत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आसपासच्या काही जुन्या बारचे परवाने बाहेरच्या माणसांकडे चालवायला गेलेत, आपलंही तसंच होईल असं ते धरून चालतात. पेपर अजून येतो. आता तो जो तो आपापला वाचतो.

तुम्हाला असं घर बघायचं असेल तर मार्च ते मेमध्ये जा, हुर्राक तेव्हाच मिळतो, पावसाळा लागला की संपतो. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिमका घालून तो घेतात. दुपारी एक ते चार दार बंद असतं, तेव्हा ठोठावू नका, आत माणसं झोपलेली असतात. कोपऱ्यातल्या टेबलावर शाळेची वही उघडी दिसली तर दुसरं टेबल घ्या. आणि ग्लास आणायला पोराला हाक मारू नका, उठून स्वतः गल्ल्यावर जा.